रीळ क्रमांक चाळीस

मी, सुनेत्रा दिनकर पिसाळ, वय एकोणसत्तर, राहणार न्युरेम्बर्ग, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी भरीस घातलेले नाही. घालू पाहणाऱ्यांची नावे पुढे येतील.

१. राहता फ्लॅट आणि बँकेतली शिल्लक मुलगी शुभा हिला. शिवणयंत्र नात उल्का हिला.

२. धाकटे दीर रमेशभावजी यांना माझ्या पतींचा ओव्हरकोट. तेराव्यालाच ते म्हणाले होते, "वहिनी, ती जुनी रिळं कचऱ्यात टाका, खोली मोकळी होईल." कोट न्या भावजी, कपाटही मोकळे होईल.

३. आता रिळे. इथे येण्याआधी, १९६८ ते ७१ आम्ही अमेरिकेत, केंटकीच्या डोंगरात होतो. हे खाणीच्या यंत्रांवर इंजिनिअर. रविवारी रेकॉर्डर गाडीत घालून खेडोपाडी जायचे आणि तिथली जुनी कथागीते ध्वनिमुद्रित करायचे. बुडालेल्या मुली, फाशी गेलेले प्रियकर. पुरुष गात, बाया यांना पाहून दार लावून घेत. मग हे मला पुढे करत.

मेबल कोम्ब्स नावाची म्हातारी शेंगा सोलत बसलेली. म्हणाली, "फुकट नाही गायची मी. तू एक म्हण, मग मी एक." मी चौथी शिकलेली, मला जात्यावरच्या ओव्या तेवढ्या येत होत्या. त्या म्हटल्या. पुढे प्रत्येक दारात हाच सौदा. माझी पाळी आली की हे यंत्र बंद करायचे. "अगं, रीळ वाया जातं." एकोणचाळीस रिळांत मी कुठेच नाही. यांच्यावर माझा जीव होता, ते जाऊन तीन वर्षे झाली तरी आहे. पण हे मी माफ केलेले नाही, आणि तसे त्यांना सांगितलेही होते.

चाळिसाव्या वेळी आम्ही पुन्हा मेबलकडे गेलो. गाडी चिखलात रुतली, हे ढकलायला गेले आणि यंत्र माझ्या हाती आले. मी बंद केले नाही. त्या रिळावर तिची पाच गाणी आणि माझ्या पाच ओव्या आहेत, एकाआड एक. तिसरीनंतर मेबल म्हणते, "तीच पुन्हा म्हण."

४. इथल्या एका संग्रहाचे डॉक्टर ब्रेनर दोनदा येऊन गेले. "फ्राऊ पिसाळ, गीते अमूल्य आहेत. तर, मधला भारतीय भाग आम्ही कापू. तो विषयाला सोडून आहे."

मी विचारले, "मग मेबल कशामुळे गायली, ते ऐकणाऱ्याला कसे कळेल?"

त्यांनी दुसऱ्यांदा कॉफी ओतून घेतली. केक मात्र संपवला.

तेव्हा चाळीसही रिळे त्यांना एकाच अटीवर द्यावीत: चाळिसावे अखंड राहील आणि त्यावर मेबलच्या नावाखाली माझे नाव लागेल. नाहीतर एकही देऊ नये; सगळी केंटकीला मेबलच्या नातीकडे पाठवावीत. अट मी जर्मनमध्येही लिहून ठेवली आहे. ती भाषा मी वाचनालयात बसून शिकले. चुका सापडल्या तर हसावे, अट पाळावी.

इथल्या कायद्याला साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात. दोघींनी रीळ चाळीस पूर्ण ऐकले आहे.

साक्षीदार:
नंदिनी राजाध्यक्ष, संशोधक विद्यार्थिनी
हिल्डे क्राउस, शेजारीण

न्युरेम्बर्ग, १४ ऑक्टोबर २००६

सही: सुनेत्रा दिनकर पिसाळ, गाणारी