मेंढीची जागा

३ मे १९५८
पोचले एकदाची! जन्मभर पोस्टात शिक्के मारल्यावर सार्डिनिया बेटावरच्या डोंगरातलं हे घर म्हणजे स्वर्गच. शेजारच्या बाकीस नावाच्या धनगराने चीज आणलं आणि एक काळं पिल्लूही. म्हणाला, "काकू, एकट्या बाईला नवरा नसला तरी चालतो, कुत्रा लागतो." मी म्हटलं, बरोबर आहे, कुत्रा निदान दारू पीत नाही. नाव मोरो ठेवलं.

१२ ऑक्टोबर १९५८
बाकीसने अंगणात मेंढी कापली. कलेजीवर फोडांसारख्या पांढऱ्या, पाणीदार पिशव्या. असली कलेजी हे लोक खात नाहीत आणि फेकतही नाहीत, कुत्र्यांना घालतात. पहिला मान पाहुणीच्या कुत्र्याचा. मोरो आता रोज माझं तोंड चाटून मला उठवतो. शाळेतल्या सिस्टरांनी हे पाहिलं असतं तर पट्टी मारली असती. मारू देत. आजवर इतक्या मायेने मला कुणी उठवलेलं नाही.

७ मार्च १९६५
उजव्या बरगडीखाली जड वाटतं. बाकीसची बायको म्हणते, काकू, या वयात पोट? बाप कोण ते तरी सांगा! आगाऊ कुठली.

९ एप्रिल
डॉक्टरने सांगितलं, कलेजीत संत्र्याएवढी पिशवी आहे. कुत्र्याच्या आतड्यात जंत असतो. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर, कुत्र्याच्या केसांवर, जिभेवर येतात. मेंढी ती गिळते, तिच्या कलेजीत पिशवी धरते. ती कलेजी कुत्र्याने खाल्ली की पुन्हा जंत. तुम्ही मेंढीच्या जागी आहात, म्हणाला. वर हसला मेला! लॅटिन प्रार्थना तोंडपाठ असलेली मी, आणि मेंढी!
सोमवारी ऑपरेशन. तोवर पोटाला धक्का लागून पिशवी फुटली, तर आतलं पाणी विषासारखं भिनून घसा सुजेल आणि जीव जाईल, म्हणाला.

१० एप्रिल
बाकीसला फैलावर घेतलं. त्याचं उत्तर, "आजोबांपासून हेच घालतोय. मग कुत्र्यांनी काय केक खायचा?" मोरोला त्याच्या मेंढरांच्या वाड्यात बांधायला दिलं. जाताना सारखा मागे वळून — असो. रडत नाहीये मी.

११ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
सगळं गाव खालच्या चर्चला, झावळ्या घेऊन मिरवणुकीत. मी अंगणात लिहीत बसले होते. मोरो आला, दोर चावून तोडलेला. आनंदाने उडी घेतली, दोन्ही पंजे पोटावर. आत काहीतरी ऊन ऊन पसरलं —

अंगभर खाज. गांधी उठल्यात. ओठ जाड —

हाका मारल्या. बाकीसची कुत्री तेवढी आली. भुंकत नाहीत. बसलीत गोल.

उठवत नाही. श्वास — मोरो तोंड चाटतोय. शहाणा माझा —

खाली सरकला. पोट हुंगतो. इतर कुत्री पण —

मोरो, नको. मी अजून जिवं