सोलोची नवरी, जाकार्ताची वेबसाइट

जाकार्ता, ६ जानेवारी

ती. सुमार्नी बुलिक हिस बागसचा सा. न. वि. वि.

तुझ्या नवरी सजवण्याच्या घराची वेबसाइट मी करणार, हे पक्कं. आई असती तर म्हणाली असती, माझ्या धाकट्या बहिणीचं काम आहे, अंग चोरू नकोस.

धंद्याची रीत सांगून ठेवतो. आधी मी कच्चा नमुना पाठवणार. त्यात काय बदलायचं ते तू सांगायचं. तुझा होकार आला की बांधणी. नंतर बदलायचं म्हणजे बांधलेली भिंत फोडणं. होकार पत्रानेच दे, फोनवर तू सगळ्यालाच हो म्हणतेस. नमुना छापून सोबत जोडलाय.

लोभ आहेच, तो वाढता राहो.
बागस

सोलो, १७ जानेवारी

चि. बागस यास अ. उ. आ.

नमुना पोचला. छान आहे. पहिल्या पानावरची नवरी फार देखणी, लांबची दिसते. कपाळावर केवढं ते सोनं! जेवण वेळेवर करतोस ना? 

हल्ली मुली फोनवर बघूनच सजवणारी ठरवतात. यंदा बेसार महिन्याची लग्नं दारी आली नाहीत, तर घराला कुलूप लावीन म्हणते. बेसारनंतरच्या सुरो महिन्यात तर कुणी लग्नच करत नाही. तू करशील ते चांगलंच.

तुझी बुलिक

जाकार्ता, ९ फेब्रुवारी

ती. बुलिकस सा. न. वि. वि.

नवरी तुला आवडली म्हणून तिचं चित्र पानभर केलं. सोनेरी कड सगळ्या मथळ्यांनाही लावली. तुझा होकार धरून काम पुरं केलं, वेबसाइट सुरू झाली. आता ओळखीपाळखीत पत्ता वाट.

तुझा बागस

सोलो, १५ फेब्रुवारी

चि. बागस यास अ. उ. आ.

बघितली. चांगली आहे. नवरी आता रस्त्यापलीकडूनही दिसेल. पत्ता वाटते, सवडीने. तुझ्यासाठी गोड तेम्पे तळून पाठवलंय.

तुझी बुलिक

जाकार्ता, २ मार्च

ती. बुलिकस सा. न. वि. वि.

काल तुझ्या लेकीचा फोन आला. लारास हसत सुटली होती. म्हणे, आईने पत्ता एकालाही दिला नाही. शेजारणीने मागितला तर फोन बिघडलाय म्हणाली!

मला राग आलाय. परक्या गिऱ्हाइकाने निदान शिव्या दिल्या असत्या, त्यावरून काम सुधारता येतं. तुझ्या ‘चांगलं’चं मी काय करू? कुलूप तुझ्या घराला लागणार आहे. तुझी नवरी ‘छान’ म्हणाली की तेवढ्यावर तिला मांडवात धाडतेस का?

बागस

सोलो, ८ मार्च

चि. बागस यास अ. उ. आ.

नाही धाडत. आई आणि सासू समोर बसलेल्या असताना नवरी नाही कशी म्हणेल? म्हणून आवडलं का, असं मी विचारतच नाही. आरसा हातात देते आणि विचारते, कुठं टोचतंय? मग ती अंबाड्यापासून सगळं बोलते. तू मला ते विचारलं नाहीस, आणि ताईच्या लेकाच्या कामाला नावं ठेवायला माझी जीभ रेटेना.

आता विचारलंस असं धरून सांगते. ती आपल्या सोलोची नाही, योग्या शहराची नवरी आहे, बाबा! कपाळावरच्या काळ्या नक्षीला सोनेरी कड योग्याचे लोक लावतात. सोलोच्या घराच्या दारात योग्याची नवरी उभी केलीस, गल्ली हसली असती. मी सजवलेल्या मुलींचे फोटो लारास पाठवतेय. ते लाव. भिंत फोडावी लागली तर फोड.

तुझी बुलिक

जाकार्ता, ३ एप्रिल

ती. बुलिकस सा. न. वि. वि.

फोडली. सोनं सगळीकडून काढलं, तुझ्या नवऱ्या लावल्या. या कामापायी लेबारानला, ईदच्या सणालाही येता आलं नाही. फोनवर तू काही हरकत नाही म्हणालीस, तेव्हा बरं वाटलं.

आता बघ आणि सांग, कुठं टोचतंय?

लोभ कमी होऊ देऊ नकोस.
बागस

सोलो, १२ एप्रिल

चि. बागस यास अ. उ. आ.

परवा सेमारांगहून एक आई मुलीला घेऊन आली. फोनवर आपलं पान उघडं होतं. बेसारची तारीख ठरवूनच गेली, पाठोपाठ आणखी दोघी आल्या. कुलूप पेटीत ठेवून दिलंय. 

वेबसाइट चांगली आहे. तिसरा फोटो भिकार आहे, नवरीचे डोळे मिटलेत, आजच काढ. माझं वय कुणी घालायला सांगितलं होतं?

आणि टोचतंय कुठं विचारलंस म्हणून लिहिते. लेबारानला ताईच्या कबरीवर फुलं वाहायला मी आणि लारास, दोघीच गेलो. फोनवर हरकत नाही म्हणाले खरी. हरकत होती.

तुझी बुलिक