वाटीतलं दूध तसंच

धाड,
१९ जानेवारी २०२५

प्रिय जहांआरा,

तुला सलाम, अब्दुल गनी भावजींना नमस्कार आणि घरातल्या पोरासोरांना आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक आहोत, तुम्हीही सुलतानपूरला सगळे खुशाल असाल.

पत्र बघून तू घाबरशील, म्हणून पहिल्यांदा तेच सांगते. मयुरी घरी आली. जावयाचा हात धरून, पण स्वतःच्या पायांनी चालत आली. तेव्हा डोळे पूस, चहा ठेव आणि मग निवांत वाच.

फोन का केला नाही म्हणशील. तू फोन उचललास की स्पीकर लावतेस, आणि भावजींसकट दुकानातलं गिऱ्हाईक माझं बोलणं ऐकतं. मागे मी माझ्या मूळव्याधीचं सांगितलं, तर कोण्या परक्या माणसानं मागून औषध सुचवलं होतं. आज जे लिहायचंय ते दुकानात ऐकवण्यासारखं नाही. म्हणून शाळेत चिठ्ठ्या लिहायचो तसं लिहायला बसले आहे.

तूर निघाली. हरभऱ्याला घाटे चांगले धरलेत. ह्यांचा गुडघा थंडीत बोंबलतो, पण ह्यांचं वजन उतरलं आहे. का उतरलं ते पुढे येईलच.

तू एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती पाठवलेला गोंद-मखाण्याचा डबा मिळाला होता. बाळंतिणीसाठी पाठवला होतास. बाळंतीण तेव्हा संभाजीनगरच्या दवाखान्यात नळ्या लावून पडली होती. तो डबा मी खाल्ला. सगळा खाल्ला, तळाचा चुरासुद्धा बोटानं पुसून. तू म्हणशील, कोकिळाची जीभ अजून शाळेतल्यासारखीच आहे. तसं नाही गं. दमानं सांगते.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मयुरी दिवाळीनंतर आमच्याकडे आली होती. दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. बुलढाण्याला मुलगी झाली, आणि मयुरीचं रक्त थांबेना. पुढे तापही चढला. तिला संभाजीनगरला हलवलं, जावई शिवमराव तिच्यासोबत गेले. बाळ बुलढाण्यालाच, अगदी नवीन आणि अशक्त बाळांना ठेवतात त्या वॉर्डात राहिलं, आणि बाळाजवळ मी. एवढं तुला ठाऊक आहे. याच्या पुढचं मी तुला फोनवर "ठीक आहे, ठीक आहे" म्हणून उडवून लावत होते.

मांजराचं पिल्लू बरं अशी होती ती. नाव ठेवायचं ते आई आल्यावर, असं ठरलं, म्हणून सगळे तिला नुसतं 'बाई' म्हणायला लागलो. हे तर रोज विचारायचे, "बाई उठल्या का?"

तिथे सुचिता नावाची मुलगी आहे. आईला दूध कसं येतं, बाळानं कसं ओढायचं, बाळंतिणीनं काय खायचं, याचं शिक्षण घेतलेली. मला आधी हसू आलं. म्हटलं, याची पण नोकरी असते का? आपल्या आयांना कोणी शिकवलं होतं? पण ती वॉर्डातल्या पोरींजवळ बसायची, कुणाच्या पाठीमागे उशी सरकव, कुणाच्या बाळाची हनुवटी जरा वर कर, आणि रडणारी आई गप्प व्हायची, रडणारं बाळही. मग माझं हसू बंद झालं.

तिनं मला सांगितलं, बाळाला उघड्या छातीशी धरून बसायचं, वरून शाल घ्यायची. आईची ऊब नाही तर आजीची. मी बसले. बाई दोन-तीन दिवस नुसती झोपली. मग एका दुपारी ती हलली. डोकं उचलायचं बळ नव्हतं, तरी नाक घासत, थांबत, दम खात खाली सरकायला लागली. कुठे निघाली ते माझ्या ध्यानात आलं आणि मी लाजेनं अर्धी झाले.

म्हटलं, "अवं सुचिता, ही काय करून राह्यली पाय! कोरड्या विहिरीत काय मिळन तिले?"

सुचिता जवळ आली. म्हणाली, "काकू, तिला कोणी रस्ता दाखवला नाही. तिची ती निघाली आहे. जाऊ द्या."

आणि ती पोचली, जहां. तोंड उघडलं आणि धरलं. एवढंसं तोंड, पण काय ती पकड! मयुरीनंतर मला दुसरं मूल झालं नाही. वीस वर्षं उलटली. आणि माझ्या आतून काहीतरी सळकन खाली आलं, दूध नव्हे, पण दुधाच्या आधीचं जे असतं ना, ते. मी सुचिताकडे पाहिलं आणि रडले.

मग सुचिता डॉक्टरांशी बोलली. माझं रक्त तपासलं. ती म्हणाली, "होतं असं. ओढत राहिलं की अंगाला परत आठवतं. पण खरं सांगू का काकू, मी हे शिकले आहे, पाहिलेलं नाही. नाही झालं तरी बाळाचं नुकसान नाही." डॉक्टरांनी सांगितलेलं पावडरचं दूध वाटीत घ्यायचं, त्यात दोऱ्यासारखी बारीक नळी सोडायची, नळीचं दुसरं टोक चिकटपट्टीनं माझ्या छातीला लावायचं. बाई ओढणार मला, पोट भरणार वाटीतून. घरी सोडल्यावरही हेच करायचं, आणि वजनाला घेऊन यायचं.

आता तुझा डबा मी का खाल्ला ते कळलं.

पण खायचंच तर अडलं होतं. मयुरीला हलवलं त्या दिवशी मी देवीला बोलले होते, लेक घरी येईस्तोवर अन्न खाणार नाही, शेंगदाणे आणि पाण्यावर राहीन. सुचितानं मला काय खाता विचारलं आणि ऐकून कपाळाला हात लावला. वरण, पालेभाजी, भाकरी, अंडं, पोटभर पाणी, असं सगळं सांगत बसली. डिंकाच्या लाडवानं दूध येत नाही, बाळानं ओढल्यानं येतं, पण उपाशी अंगानं कुठवर द्यायचं, म्हणाली. बाईला घरी सोडलं, तिला घेऊन आले आणि चुलीपुढे बसले. नातीसाठी घास घेतला तर लेकीचं काही होईल, आणि नाही घेतला तर नातीचं. असा घास कुणाच्या वाट्याला येऊ नये.

ह्यांनी बघितलं. तुझ्या ईदच्या शीरखुर्म्याचं पातेलं खरवडणारे हे, एक वेळ चुकली की घर डोक्यावर घेणारे. माझ्यापुढे भाकरीचं ताट ठेवलं आणि शेंगदाण्याचा डबा आपल्याकडे ओढला.

"तुहा उपास आजपासून माहा," म्हणाले. "देवीले नवऱ्या-बायकोतला फरक कायले पाह्यजे? तू जेव."

"तुमच्यानं होईन?"

"नाई होईन तर देवी मले पाहून घेईन. तू जेव म्हटलं ना!"

जहांआरा, माझ्या नवऱ्यानं मयुरी येईपर्यंत तो उपास पाळला. चिडले, देवीशी भांडले, चालता चालता भिंत धरली, पण पाळला. एवढी वर्षं एका घरात राहून हा माणूस मला माहीतच नव्हता.

त्यानंतर एका बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, मी ओसरीवर बाईला घेऊन बसले होते. हे वाटी धरून. रस्त्यावरून जीपा जात होत्या, माणसं पिशव्या घेऊन परतत होती. बाई पीत होती. घुटुक घुटुक, तिच्या गळ्याचा आवाज ऐकू येत होता. ह्यांनी वाटीत पाहिलं, मग बाईकडे, मग परत वाटीत.

"कोकिळे," म्हणाले, "वाटीतलं दूध तसंच आहे."

मी पाहिलं. नळी चिकटपट्टीखाली दुमडली होती. थेंबभरही दूध तिच्यातून जात नव्हतं. आणि बाई पीत होती, घोटामागून घोट. ओठांच्या कडेला दूध आलं होतं, पातळ, निळसर. ह्यांनी वाटी खाली ठेवली आणि मला हात जोडले. मला! मी म्हटलं, अहो काय करता, लोक पाहतील. पण माझेही हात मोकळे असते तर मी ते जोडलेच असते, कुणाला ते माहीत नाही. ज्या अंगाला मी म्हातारं म्हणून मोडीत काढलं होतं, त्यात हे इतकी वर्षं झोपून होतं. मयुरी जे प्याली तेच तिची लेक पीत होती.

वजनाला नेलं तेव्हा सुचितानं काट्याकडे दोनदा पाहिलं आणि मला मिठीच मारली.

आता ते लिहिते ज्याच्यासाठी हे सगळं पाल्हाळ लावलं. मयुरी शुद्धीवर आली, बरी व्हायला लागली. सुचितानं तिकडच्या नर्सबाईंना फोन करून मयुरीचं दूध काढत राहायला लावलं, म्हणजे आटू नये. थोडं थोडं येत होतं. सुटीची तारीख ठरली. मी देवीपुढे साखर ठेवली. आणि त्याच दिवशी बाईला पाजताना माझ्या मनात आलं, अजून थोडे दिवस राहिली तिकडे तर? माझ्याच लेकीबद्दल, जिच्यासाठी मी अन्न सोडलं होतं! मी ह्यांना सांगितलं नाही, सुचिताला सांगितलं नाही. तुला सांगते आहे.

मयुरीलाही आम्ही काही सांगितलं नव्हतं. घरी आल्या आल्या तिनं बाळाला छातीशी घेतलं. बाई कमानीसारखी मागे वळली आणि किंचाळली. मयुरीनं या बाजूला घेतलं, त्या बाजूला घेतलं. बाई रडून लाल. शेवटी माझ्यानं राहवलं नाही. मी घेतलं, पदराखाली, आणि ती गप्प झाली.

मयुरी बघत राहिली. "आई, हे काय?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तिले मी नाई पाह्यजे." आणि भिंतीकडे तोंड करून निजली. तिनं त्या दिवशी जेवणही घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुचिता बुलढाण्याहून आली. मयुरीजवळ बसली. "भूक लागली की आजीकडे जायचं, एवढंच तिला कळतं," म्हणाली. "तुमच्याकडेही पोट भरतं हे तिला अजून माहीत नाही. ते तेवढं कळू द्या." मग मला म्हणाली, "काकू, तुमचं दूध वाटीत काढा."

मी काढलं. तीच वाटी, तीच पद्धत. नळीचं एक टोक माझ्या दुधात, दुसरं मयुरीच्या छातीवर. बाईनं आधी तोंड फिरवलं, मग तिच्या जिभेला ओळखीची चव लागली. थांबली. आणि धरलं.

"आई, ओढून राह्यली वं!" मयुरी ओरडली. घरी आल्यापासून तिचा चेहरा मी पांढराफटक पाहिला होता, त्यावर रक्त चढताना पाहिलं. वाटी मी धरली होती. माझं दूध माझ्या हातातून खाली उतरत होतं, माझ्या लेकीपाशी जाऊन माझ्या नातीच्या तोंडात. तुला सांगते, देवळात मला असं कधी झालं नाही. पण वाटी हलू दिली नाही.

असे काही दिवस गेले. मयुरीचं दूध वाढत होतं. सुचितानं सांगून ठेवलं होतं, "भरल्यासारखं वाटलं की नळी चिमटीत दाबून बघा. तरीही बाळ गिळत असेल तर आता वाटीची गरज नाही." मला रोज आठवत होतं. मी रोज विसरत होते.

आज सकाळी मयुरी उन्हात बसली होती, बाई पीत होती. मयुरीची दुसरी बाजू आपोआप ओली झाली. ती माझ्याकडे बघून हसली, लहानपणी हसायची तशी. मग मी नळी चिमटीत धरली. मीच.

बाईनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. घुटुक घुटुक. वाटीतलं दूध तसंच.

मी हसले, मयुरीला जवळ घेतलं, ह्यांना हाक मारली. सगळं खरं होतं, आनंदही खरा. मग दुपारी बाई रडली आणि मी सवयीनं उठले. माझं पोलकं भिजलं होतं. मयुरी आतून म्हणाली, "आई, तू बस, मी घेतो." मी बसले.

सुचिता म्हणते, हळूहळू आटेल, त्रास होणार नाही.

तुमच्यात म्हणतात ना, दूध पाजलं की नातं लागतं, रक्तासारखंच पक्कं? त्या हिशेबानं मयुरी आणि तिची लेक बहिणी झाल्या की गं. त्याचं आम्ही बघून घेऊ. मला एवढंच विचारायचं आहे, दूध आटलं तरी ते नातं राहतं का? तुला नक्की माहीत नसेल तर भावजींना विचार, पण कोणाचं ते सांगू नकोस.

बारसं पौर्णिमेनंतर आहे, त्याला तू यायचंच. पण तोवर मला थांबवत नाही. उत्तर लिही. फोन करू नकोस, मला ते कागदावर पाहिजे.

बाईची आजी, आणि तू हो म्हणालीस तर आणखीही कोणी,
तुझी कोकिळा