एकाच नंबरची दोन कार्डं

मंगळवार, १२ ऑगस्ट १९९७, अचाओ

पुन्हा तेच! रेडिओवरून बेटांवरच्या लोकांना द्यायचे संदेश आता टेपऐवजी कॉम्प्युटरवरून लागतात, आणि मोडेमवर फोन आला की आवाज अडकतो. आर्नोल्दो, आमच्या रेडिओ स्टेशनचे मालक, म्हणाले, "नोल्फा, तुझं मशीन तोतरं झालंय!"

कॉम्प्युटरची पेटी उघडली. साउंड कार्ड ५ नंबरवर, मोडेमही ५ वरच. दोघांची घंटा एकच, मग कोणी हाक मारली हे मशीनला कळणार कसं? मोडेमवरची नंबर ठरवणारी चिमुकली टोपी काढून ३ वर बसवली. आवाज साफ! पण माउस मेला. ३ त्याचा होता.

बुधवार, १३

माउसशिवाय काम होईना. टोपी परत ५ वर. संदेश दुपारी एकला लागतात, तेव्हा कोण फोन करतंय!

गुरुवार, १४

बाबांचं ऑपरेशन नीट झालं!! पोर्तो मोंतच्या हॉस्पिटलमधून नर्सचा फोन आला. लगेच आईसाठी संदेश भरला: "केनाक बेटावर होविता बार्रिया यांना — हेरिबेर्तो यांचं ऑपरेशन झालं, तब्येत छान. शनिवारच्या बोटीनं आणतोय. उचलायला चार माणसं धक्क्यावर हवीत." एकला दोनदा लागला. मी तेव्हा निवांत जेवत होते.

शुक्रवार, १५

बाजारात केनाकचा नावाडी फिलिदोर भेटला. हातात मेणबत्त्यांचा गठ्ठा. मला मिठीच मारली. "फार वाईट झालं गं."

 धावत जाऊन हॉस्पिटलला फोन लावला. नर्स हसली, "तुमचे बाबा ना? सूप अळणी आहे म्हणून भांडतायत."

रडले. मग उलगडलं. गुरुवारी एकलाच मोडेम वाजला होता. दोन्ही वेळा मधलं वाक्य खरखरीत गेलं. आईनं ऐकलं एवढंच — "हेरिबेर्तो... शनिवारच्या बोटीनं आणतोय. उचलायला चार माणसं..."

माझ्याच हातची टोपी. माझ्याच!

"आत्ता लगेच रेडिओवर वाचते," म्हटलं. मागोमाग आलेला फिलिदोर म्हणाला, "शोकाच्या घरी रेडिओ कोण लावतंय? बंद करून वर कापड टाकलंय. चल, बस होडीत."

केनाकला पोचले तर आई काळ्या कपड्यांत, अंगणात शोकाच्या जेवणासाठी डुक्कर कापलेलं, प्रार्थनेला सगळं बेट. "आई, बाबा जिवंत आहेत!" ती खालीच बसली. मग मला एक सणसणीत थप्पड, आणि मग घट्ट मिठी. हलकं वाटलं. फार हलकं.

शेजारच्या रेमिहिओ काकांच्या हातात फावडं होतं. कुंपणाच्या भांडणावरून बाबांशी अठरा वर्षं बोलणं नाही, तरी कबरीचा खड्डा त्यांनी एकट्यानंच खणला होता.  ते घरी गेले नाहीत.

शनिवार, १६

बाबा आले! चौघांनी त्यांना खुर्चीसकट उचललं. "एवढी माणसं? मेलो की काय मी?" सगळे हसून बेजार. डुक्कर संपलं.

परत आल्यावर प्रिंटर काढून टाकला, साउंड कार्ड त्याच्या ७ वर बसवलं. संदेशांच्या याद्या हातानं लिहीन.

रविवार, २४

आईची चिठ्ठी आली. काका खड्डा बुजवायला निघाले, तर बाबा काठी टेकत मागून गेले. दोघं संध्याकाळपर्यंत तिथंच बसले होते.