यंदाची साक्ष

१ फेब्रुवारी, रविवार

ठरलं! यंदा यांनी मला मारलं होतं.

चर्चमधली भक्ती संपल्यावर पाळकसाहेबांनी यांना कोपऱ्यात घेतलं आणि घडी घातलेला कागद हातात ठेवला. परवा परदेशातले पाहुणे येणार. पाहुणे आले की साक्ष लागते. म्हणजे प्रभू भेटण्याआधी मी किती वाईट होतो आणि भेटल्यावर कसा सुधारलो, हे सगळ्यांपुढे उभं राहून सांगायचं. आमच्या मंडळीत चाळीस माणसं, सगळी साधी. कुणाचा खोकला गेलेला असतो, कुणाची हरवलेली किल्ली सापडलेली असते. किल्लीने पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी येत नाही! यांना मात्र बोलता बोलता रडू येतं. दुसऱ्याची लग्नपत्रिका वाचली तरी येतं. म्हणून हे पाळकसाहेबांच्या नजरेत भरले.

पहिल्या वर्षी हे नुसते तापट होते. दुसऱ्या वर्षी जुगारी. गेल्या वर्षी दारुडे. यंदा बायकोला मारलं. पुढल्या वर्षी बहुतेक मी मेलेली असेन.

आणि मारणार कोण? हे! झुरळ दिसलं की मला हाक मारतात!

"अहो, नाही का म्हणत नाही?"

"अगं, पाळकसाहेब म्हणाले, गोष्ट खरीच आहे. अशी घरं असतातच. नाव तेवढं आपलं लावायचं."

नाव तेवढं आपलं! किती स्वस्त!

३ फेब्रुवारी, मंगळवार

पाहुणे आले. नवरा-बायको, दोघंही साठीच्या पुढची. साहेब इतके उंच की सभागृहाच्या चौकटीला कपाळ आपटतं. दरवर्षी तीच चौकट, तेच कपाळ! आणि दरवर्षी तोच विनोद. पाळकसाहेब भाषांतर करतात, "साहेब म्हणतात, दार अरुंद आहे पण आत जागा खूप आहे." आम्ही हसतो. चौथं वर्ष.

मॅडम आपली भाषा शिकतायत. वहीत लिहून घेतात, अक्षरावर बोट ठेवून वाचतात. यंदा सहा वाक्यं येतात. त्यातलं "माझे गुडघे दुखतात" हे आल्या आल्या सगळ्यांना सांगून झालं.

पाळकसाहेबांचा लाडका शब्द 'भागीदारी'. आपण आणि पाहुणे प्रभूच्या कामात भागीदार! म्हणजे काय बघायचं ते पाहुणे ठरवणार, कसं दाखवायचं ते पाळकसाहेब ठरवणार, आणि खुर्च्या आम्ही मांडणार.

५ फेब्रुवारी, गुरुवार

घरात तालीम. हे डोळ्याला भिंग लावून कुणाचं तरी मनगटी घड्याळ उघडून बसले होते. चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग. आणि तोंडाने चालू — "मी पिऊन आलो होतो... रागाने स्वयंपाकघराचं दार आपटलं... तिचं मनगट फटीत होतं..." मग थांबले. "कुठल्या हाताचं गं?"

"मला काय विचारता? तुम्ही मोडलंत, तुम्हाला माहीत!"

कागदात बघितलं. डाव्या हाताचं. कुकरची तिसरी शिट्टी झाली तेव्हा. शिट्ट्यासुद्धा मोजल्यात! पाळकसाहेबांची कल्पनाशक्ती दांडगी. शिलाईच्या मशीनवर बसून मी इतकी हसले की शाळेच्या गणवेशाची एक बाही उलटी जोडली.

लेक मात्र हसली नाही. "बाबा, हे बरं दिसत नाही हं. माझं लग्न ठरतंय." तिच्याच प्रयोगशाळेतला मुलगा. दोघं दिवसभर लोकांचं रक्त तपासतात. मुलगा चांगला आहे. आई तेवढी... असो.

यांचा चेहरा पडला. "पाळकसाहेबांना शब्द दिलाय गं. आणि आपल्या मंडळीबाहेर कोण ऐकणार?"

७ फेब्रुवारी, शनिवार

पाळकसाहेब भेटले. म्हणे, "उद्या डाव्या मनगटाला साधी पट्टी बांधून याल का?"

म्हटलं, "प्लॅस्टरच घालून येते ना!"

त्यांना खरं वाटलं. "नको नको, जुनी गोष्ट आहे."

८ फेब्रुवारी, रविवार

झाली एकदाची साक्ष. हे अपेक्षेप्रमाणे 'तिचं मनगट'पाशी रडले. पाळकसाहेब त्यांच्या भाषेत सांगताहेत, साहेब रुमाल काढताहेत, मॅडमच्या डोळ्यांना धार! आणि चाळीस माणसं वळून वळून माझ्या हाताकडे बघताहेत. मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. करणार काय?

शेवटी ठरलेलं वाक्य — "त्या दिवसापासून मी तिच्यावर हात उचलला नाही." टाळ्या.

नंतर चहा. पाळकीणबाई साक्ष सुरू झाली की उठून चहाला जातात. दरवर्षी. ऐकायला थांबत नाहीत, मानी आहेत ना! आणि चहा आणतात तो एकेक कप. डावा हात शालीखाली, उजव्यात एक कप. चाळीस माणसांना चाळीस फेऱ्या! ट्रे धरला तर मोठेपणाला तडा जातो की काय. नाजूक बाई!

मॅडमने मला खिडकीपाशी ओढून नेलं. माझं डावं मनगट हातात घेऊन कुरवाळत बसल्या. चांगलं धडधाकट मनगट, रोज आठ-आठ तास कापड ओढणारं! मग पर्समधून एक कार्ड काढलं. तीन तासांवरच्या शहरातलं बायकांचं वसतिगृह, त्यांच्याच मिशनचं. मागे त्यांच्या वाकड्यातिकड्या अक्षरात, आपल्या भाषेत — दार उघडं आहे. केव्हाही ये. कुणाला विचारू नको.

सहाची नऊ वाक्यं झाली. मला हसूही येईना, रागही येईना. पाळकीणबाई कप घेऊन शेजारीच उभ्या होत्या. माझा चहा गार होऊन गेला.

कार्ड बटणांच्या डब्यात टाकलंय. उद्या फेकेन.

९ फेब्रुवारी, सोमवार

भाजीवालीने न मागता मूठभर मिरच्या जास्त घातल्या. वर म्हणाली, "सोसलंस गं बाई!"

११ फेब्रुवारी, बुधवार

झालं. जे व्हायला नको तेच झालं.

मंडळीतल्या कुणीतरी साक्षीचं चित्रीकरण करून मोबाइलवर फिरवलं. फिरत फिरत ते कुठे पोचावं? होणाऱ्या विहीणबाईंकडे! त्यांचा फोन. आवाजात नुसती साखर. "तुम्ही किती सोसलंत हो! पण आम्हाला विचार करायला हवा. असल्या गोष्टी रक्तात असतात."

मी सांगून सांगून थकले. हे पीत नाहीत, कधी प्यायले नाहीत, कागद पाळकसाहेबांचा होता. म्हटलं, "यांचे हात येऊन बघा! दारुड्याला केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरता येते का?"

"तुम्ही नवऱ्याची बाजू घेणारच," म्हणाल्या. "मार खाणाऱ्या बायका अशाच झाकतात."

आता बोला! मारलं म्हटलं तर मारलं, नाही म्हटलं तर झाकलं!

लेक म्हणाली, "आई, मी रोज रक्त बघते. साखर सापडते, कावीळ सापडते. मारहाण अजून सापडली नाही." हसायला गेली आणि रडली. मी तिला जवळ घेतलं. या पोरीचं लग्न मोडलं तर मी त्या सभागृहाची पायरी चढणार नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पाळकसाहेबांकडे गेले. म्हटलं, रविवारी सगळ्यांसमोर सांगा, ती साक्ष रचलेली होती.

"बाई, एका सोयरिकीसाठी एवढ्या कामाचं नुकसान करायचं? पाहुण्यांचा विश्वास उडेल. भागीदारी मोडेल."

"आणि माझ्या लेकीचं मोडतंय ते?"

"प्रार्थना करू."

तेवढ्यात पाळकीणबाईंनी पाणी आणलं. एकच ग्लास. माणसं आम्ही दोघं! पाळकसाहेबांनी नुसतं वर बघितलं. बाई मुकाट्याने दुसरा आणायला गेल्या.

घरी येऊन यांना सांगितलं, "रविवारी तुम्ही उभं राहायचं आणि खरं सांगायचं. नाहीतर साक्ष खरी करून दाखवते — फक्त मारणारी मी असेन!"

१५ फेब्रुवारी, रविवार

माझा नवरा आज वाघ झाला!

उभे राहिले. आणि बोलले! "मी दारू कधी चाखलेली नाही. पत्ते मला ओळखू येत नाहीत. मी माझ्या बायकोवर कधी हात उचलला नाही. कुणाचंही मनगट मी दारात चिरडलेलं नाही. ती गोष्ट मला लिहून दिली होती." आणि रडले नाहीत! चार वर्षांत पहिल्यांदा.

पाळकसाहेब उठले, हसतमुखाने पाहुण्यांकडे वळले आणि भाषांतर केलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या! साहेबांनी तर येऊन यांना मिठी मारली.

लेकीला त्यांची भाषा थोडी येते. कानात म्हणाली, "आई, पाळकसाहेब म्हणाले, हा बंधू इतका बदललाय की आपण कधी प्यायलो होतो, हेच त्याला आठवत नाही."

हसावं की डोकं आपटावं! चौकट होतीच समोर.

टाळ्या वाजवल्या नाहीत त्या दोघींनी. एक मॅडम. वहीत काहीतरी शोधत बसल्या होत्या. दुसऱ्या पाळकीणबाई. आज त्या चहाला गेल्याच नव्हत्या, दारात उभ्या होत्या. चहा शेवटी मीच केला. ट्रेमधून, दोन फेऱ्यांत!

१६ फेब्रुवारी, सोमवार

विहीणबाईंना सांगितलं, यांनी भर मंडळीत नाकारलं. त्या म्हणाल्या, "दारुडे असंच म्हणतात."

१८ फेब्रुवारी, बुधवार

मुलाने आईशी भांडून एक सवलत मिळवलीय. तुमच्या मंडळीतलं कुणी जबाबदार माणूस खात्री देऊ दे — ती गोष्ट यांची नव्हे, एवढंच. शुक्रवारी दुपारी विहीणबाई फोन करतील. त्यानंतर विषय बंद.

पाळकसाहेब देणार नाहीत. राहिल्या पाळकीणबाई. पाळकांच्या बायकोच्या शब्दाला नाही कोण म्हणेल? पाळकसाहेब बाहेर गेलेले बघून गेले. नेहमीचा ताठा बघून घ्यायची तयारी ठेवली होती. म्हटलं, "बाई, हात जोडते. तुम्हाला माहितीय हे कसे आहेत. विहीणबाईंना एवढंच सांगा, की ती गोष्ट यांची नाही."

त्यांनी भलतंच विचारलं. "मॅडमने तुम्हाला दिलेलं कार्ड फेकलंत का हो?"

म्हटलं, "नाही. बटणांच्या डब्यात आहे."

"शुक्रवारी सकाळी पाळकसाहेब पाहुण्यांना विमानतळावर सोडायला जातील. संध्याकाळी येतील. मी तुमच्याकडे येते. सांगते."

हुश्श! आली एकदाची दया. लेकीला सांगितलं, तर तिने तीन दिवसांनी नीट जेवण केलं. विहीणबाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही. एकदा त्यांना सांगितलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळेल. बरंच आहे!

२० फेब्रुवारी, शुक्रवार

पाळकीणबाई आल्या. उजव्या हातात कपड्यांची पिशवी. बसल्या नाहीत. "गोष्ट खरीच आहे," म्हणाल्या. "तिसऱ्या शिट्टीला. शेवट तेवढा खोटा." शाल बाजूला केली. मनगट वाकडं जुळलंय, वर परवाचे काळेनिळे वळ. एवढ्या वर्षांत मला दिसला तो नुसता ताठा!

कार्ड घ्यायला त्यांना पिशवी खाली ठेवावी लागली. मागचं अक्षर वाचलं. म्हणाल्या, "तुमच्या विहीणबाईंना फोन लावून द्या. सांगते आणि मग जाते."

म्हटलं, विहीणबाईंना नको, संध्याकाळपर्यंत गावभर होईल. आधी गाडी गाठा.

हे त्यांची पिशवी घेऊन सोबत गेलेत. वसतिगृहाच्या दारापर्यंत पोचवूनच परत येतो म्हणाले.

दुपारी बरोबर दोनला विहीणबाईंचा फोन आला. लेक समोर उभी होती. तिने 'नको' म्हणून मान हलवली. मी सांगितलं — नाही हो, खात्री देणारं कुणी नाही.