सोनम आल्यावर

वहिनी,

तुम्ही गोठ्यात आहात, म्हणून चिठ्ठी कॅमेऱ्यालाच चिकटवून निघतेय. आबा उठले की त्यांना चहा द्या.

आज ते माझ्या फिल्मसाठी बोलायला तयारच नव्हते. मला म्हणाले, "बाई, तुम्ही लई गुणाच्या. पर माझी सोनम दौंडहून यायची हाय. ती आल्याबिगर मी काय बोलायचा न्हाई." सोनम मीच, असं सांगितलं की ते कावरेबावरे होतात, म्हणून आता सांगतही नाही.

तेव्हा पँट-शर्ट बदलून दिवाळीची हिरवी साडी नेसलेय. फाट्यावर जाऊन जीपनं परत येते, लेक माहेरी येते तशी.

दारात पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा ठेवा. आई गेल्यापासून मी आले की तो आबाच माझ्यावरून ओवाळून टाकायचे, त्यामुळे तुम्ही पुढं होऊ नका. जीप थांबल्याचा आवाज आला की लाल बटण तेवढं दाबा.

त्यांनी तुकडा उचलला, तर कॅमेरा चालू राहू द्या.

नाहीच उचलला, तर कॅमेरा बंद करा आणि तुम्हीच ओवाळा. माझ्याच्यानं तशीच आत येववणार नाही.

सोनम