गोमतीबाईचे घर, निळ्या टाकीजवळ

तांडा, ता. मानोरा
११ जानेवारी २०२६

चि. सौ. निता हीस,
बापूचे अ. उ. आ. वि. वि.

तू फोनवर विचारतेस आणि मी हं म्हणतो. तेवढ्याने तुझे समाधान होत नाही हे मला कळते. माझी सगळी नोकरी शाळेच्या कचेरीत कागदापुढे गेली, म्हणून कागदावरच लिहितो.

तूर काढून झाली. हरभरा बरा आहे. तांड्यात सध्या म्हातारी माणसे आणि शेळ्या एवढेच राहिलो आहोत. बाकी सगळे दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेले, ते होळीलाच येतील. तुझी आई दिवाळीत गेली तेव्हा ते इथे नव्हते. त्यामुळे बरेच जण अजून दुखवट्याला बसायलाही आलेले नाहीत.

एक गोष्ट विचारायची आहे. तुझ्या आईच्या नावाने पार्सले येत आहेत. पहिले आले तेव्हा पार्सलवाल्याने रस्त्यावरूनच गोमतीबाई, गोमतीबाई अशी हाक मारली. मी बाहेर जाऊन सांगितले की त्या वारल्या, परत न्या. तो म्हणाला, मग तुम्ही घ्या, फक्त फोनवर आलेला कोड सांगा. मला कोणताही कोड ठाऊक नव्हता. तो घेऊन गेला. पुढच्या पार्सलला कोड लागत नव्हता, ते त्याने काही न विचारता ओट्यावर ठेवले आणि निघून गेला. वर नाव तिचे, नंबर तिचा, पत्त्यात 'निळ्या टाकीजवळ' असे लिहिलेले. मी उघडले नाही. हलवून पाहिले. आत बारीक बारीक काहीतरी वाजते.

खोक्यावरच्या नंबरला फोन केला. यंत्रातली बाई गोड आवाजात एक दाबा, दोन दाबा म्हणत राहिली. शेवटी म्हणाली, आपली अडचण बोलून सांगा. मी सांगितले की ज्यांच्या नावाने हे आले आहे त्या आता नाहीत. त्यावर ती म्हणाली, माफ करा, आम्हाला समजले नाही, कृपया पुन्हा सांगा. मी पुन्हा सांगितले नाही.

तुझा दादा अमरदीप पुण्याहून म्हणतो की हा फसवणुकीचा प्रकार आहे, आईचा नंबर बंदच होऊ द्या. फेब्रुवारीअखेर नंबरचा रिचार्ज संपतो आणि पुढचा तो मारणार नाही. फोन कपाटात बंद करून ठेवला आहे.

तुझी आई काही मागवत होती का? तुला माहीत असेल तर कळव. जावईबापूंना नमस्कार. प्रकृती जपावी आणि बापूची आठवण ठेवावी.

तुझा
बापू


मेडशी
१८ जानेवारी २०२६

ती. बापूंस,
निताचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र घेऊन पोस्टमन थेट शाळेत आला, माझ्या वर्गात. म्हणे, मॅडम, कोर्टाचं काही आहे का? आजकाल साधं पत्र कोणाले येतं! मुलांनी पाकिटाला हात लावून पाहिला.

पार्सलचं म्हणाल तर माझंच ऐका. मी कुकर मागवला, तर नुसतं झाकण आलं. तक्रार केली, तर त्यांनी दुसरं झाकण पाठवलं. आता रोज विचारतात, कुकर कसा वाटला, तारे द्या. हे म्हणतात, दोन झाकणं झाली, आता भजनी मंडळच काढ.

तुम्ही आईचं विचारलंत, पण याडी स्वतःसाठी काही मागवेल हे मला पटत नाही. तुम्हीच पाहिलं आहे, तिला नवं लुगडं दिलं की ते पेटीत जायचं. पण कधी कधी मला फोन करून कोडचे आकडे कसे शोधायचे ते विचारायची. मला वाटायचं घरचंच काही असेल. आता मलाही उत्सुकता लागली आहे.

तिचा फोन सुरू करा ना, बापू. कोड त्याच्यावरच येत असतील. तुम्ही खोकं हलवून पाहता, म्हणजे तुम्हालाही जाणून घ्यायचं आहेच.

वेळेवर जेवत जा. लेकीवर माया आहे तशीच राहू द्या.

तुमची
निता


तांडा
१ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. निता हीस,
अ. उ. आ. वि. वि.

तू म्हणालीस म्हणून फोन चार्जिंगला लावला. सुरू होताच तो जो वाजू लागला तो थांबेना. कर्ज घ्या, सेल लागला, केवायसी करा. प्रत्येक ठिकाणी प्रिय गोमती. एकाने लिहिले होते, गोमती, आम्हाला तुमची आठवण येते, परत या. मी फोन थोडा वेळ उलटा करून ठेवला.

आता कोड सापडतो. मी चष्मा लावून आकडे वाचतो आणि पार्सलवाला लिहून घेतो. तो मंगरूळपीरचा आहे, स्वभावाने बरा. पार्सले तुझ्या आईच्या बाजेवर मांडून ठेवली आहेत. एक मऊ आहे. एकाला रबराचा वास येतो, चपला असाव्यात. एक अगदी हलके आहे, रिकामे असावे असे वाटते, पण कान लावला की आत कागद सरकतो. हे उद्योग तुझ्या आईने पाहिले असते तर काय म्हणाली असती, ते मी लिहीत नाही.

आणखी एक नवल. तिच्या फोनवर अनोळखी नंबरांवरून फोन येतात. मी हॅलो म्हणतो. पलीकडे कोणीतरी बाई श्वास घेते, बांगड्या वाजतात आणि फोन कट होतो. अमरदीप म्हणतो, हेच ते फसवणारे. पण फसवणारा बोलेल तरी. हे कोणी बोलतच नाहीत. ते नंबर खाली लिहून देतो. तुला जमले तर पाहा.

हरभऱ्याला घाटे धरले आहेत. येशील तेव्हा हिरव्या दाण्यांचा सोलाणा नेशील. आशीर्वाद आहेतच.

बापू


मेडशी
८ फेब्रुवारी २०२६

ती. बापूंस,
शि. सा. न. वि. वि.

बापू, तुम्ही हॅलो म्हणता ना, म्हणूनच फोन कट होतो!

मी त्यातल्या एका नंबरला फोन लावला, तर उचलला भुरीबाई काकीने. त्या सांगलीकडे उसाच्या फडात आहेत. आधी खूप रडल्या, मग हसल्या, मग सगळं सांगितलं. फडावर राहायची कोपी आज इथे तर उद्या तिथे, तिला कुठला पत्ता? अ‍ॅप तर घर नंबर मागतं, जवळची खूण मागतं. म्हणून तांड्याच्या सगळ्या बाया होळीसाठी जे मागवतात ते याडीच्या नावावर, याडीच्या नंबरवर. याडी घ्यायची, सांभाळायची, आणि त्या होळीला आल्या की ज्याचं त्याला द्यायची. गेली काही वर्षं असंच चालू आहे. याडी गेल्याचं कळल्यावर त्यांनी पत्ता बदलून पाहिला, पण दुसरा पत्ता देणार कोणाचा?

तुम्हाला का सांगितलं नाही, हे मी विचारलं. भुरीबाई म्हणे, माय, ते माह्ये जेठ, नवऱ्याचे थोरले भाऊ लागतेत, त्यायच्यासमोर आमी कधी तोंड उघडलं का? आवाज आयकला का फोन आपोआप हातातून सुटते. त्यांच्यासोबतची लिलाबाई तर म्हणे हॅलो ऐकल्याबरोबर फडात डोक्यावर पदर घेऊन खाली बसली. फोनमधून दिसत नाही, तरी!

आता एक वाईट बातमी. तुम्ही परत पाठवलेलं पहिलं पार्सल लिलाबाईचं होतं. तिचा नातू यंदाचा, होळीला त्याची धुंड आहे, बाळाच्या पहिल्या होळीचा सोहळा. तांड्यात एवढं एकच बाळ यंदा. त्याचा अंगरखा आणि टोपी होती त्यात. तिने पुन्हा मागवलं आहे. होळीच्या तोंडावर येईल असं अ‍ॅप म्हणतं. बापू, ते परत जाऊ देऊ नका.

फोन आला तर हॅलो म्हणू नका, नुसते खाकरा. त्या भिंतीशी बोलल्यासारखं बोलतील, असं माझ्याशी ठरलं आहे. आणि दादाशी नंबरचं तुम्हीच बोला, मी मध्ये पडत नाही.

माझ्यावर रागावू नका, एवढं हसले म्हणून.

निता


तांडा
६ मार्च २०२६

चि. सौ. निता हीस,
अ. उ. आ. वि. वि.

होळी झाली. तू सुटी मिळाली नाही म्हणून आली नाहीस, म्हणून सगळे सविस्तर लिहितो.

अमरदीपशी बोलायचे मी आज उद्या करत राहिलो आणि रिचार्ज संपला. होळीच्या आदल्या दिवशी पार्सलवाला टाकीजवळ येऊन उभा राहिला. त्याच्या हातात लिलाबाईचे पार्सल. कोड मात्र येईना. फोन हातात, पण मुका. तो म्हणाला, काका, कोडाशिवाय देता येत नाही, आणि आज परत गेलं तर सणानंतरच येईल. मी म्हटले थांब. त्याला चहा दिला, डोक्याला रुमाल बांधला आणि त्याच्याच गाडीवर मागे बसून मानोऱ्याला गेलो. दुकानदाराने विचारले, कोणाचा नंबर? मी सांगितले, घरचा. किती दिवसांचा मारू? मी म्हटले, तुझ्याकडे सर्वांत लांबचा असेल तो मार. दुकानाच्या पायरीवरच कोड आला. मी आकडे मोठ्याने वाचले. इतका मोठा आवाज मी बऱ्याच दिवसांत काढला नव्हता.

संध्याकाळी ऊसतोडीचे ट्रॅक्टर आले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाया पदर ओढून ओट्याखाली येऊन उभ्या राहिल्या. सगळ्या खोक्यांवर नाव एकच, कोणाचे कोणते हे मी कसे सांगणार? मी दार उघडे टाकले, टाकीजवळ जाऊन घराकडे पाठ करून बसलो. आधी बांगड्या ऐकू आल्या. मग खोकी फाडल्याचे आवाज, मग चपला घालून पाहिल्याचे, भुरीबाईचे हसणे. जे वाजत होते ते घुंगरू होते. आणि मग एकदम सगळ्या रडायला लागल्या. त्यांचे बसायला यायचे राहिले होते ना, तुझ्या आईसाठी. मी उठलो नाही. त्यांचे रडून होईपर्यंत तिथेच बसलो. मलाही तिथे बसणे बरे वाटले.

धुंड चांगली झाली. टोपी मात्र मापाला मोठी निघाली. बाळाच्या डोळ्यांवर येत होती आणि ते सारखे मान वर करून पाहत होते. लिलाबाई मला ऐकू जाईल अशा बेताने भिंतीला म्हणाली की पुढच्या वर्षी बी पुरंल.

रात्री अमरदीपला सांगितले की नंबर चालू ठेवला आहे. तो म्हणाला, बापू, पुढचा मी इथून मारतो.

काल एका नव्या पार्सलवाल्याचा फोन आला. आता कोण काय मागवते आहे, देव जाणे. त्याने विचारले, गोमतीबाईचं घर का? मी म्हटले, हो, गोमतीबाईचंच घर, या.

तूही आता पाकिटावर माझे नाव घालू नकोस. गोमतीबाईचे घर, निळ्या टाकीजवळ, एवढे लिहिलेस की पत्र येते. यायला जमेल तेव्हा ये. तोवर पत्रे चालू ठेव.

तुझा
बापू